मराठी साइट जीझिप आणि ब्रॉटली लावून हलकी कशी करायची

मराठी साइट चालवत असाल तर आधी एक हिशोब बघा. युनिकोडमधलं मराठी इंटरनेटवरून जातं ते यूटीएफ-८ या पद्धतीनं, आणि त्यात इंग्रजीच्या एका अक्षराला १ बाइट लागतो तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्त सुद्धा वेगळा. "स्वातंत्र्य" हा शब्द बघायला तीन अक्षरांचा पण आत ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टांच्या काळात एका खुणेला एक बाइट पुरायचा, पण तो मजकूर सर्चमध्ये सापडायचा नाही आणि ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला नुसता कचरा दिसायचा, त्यामुळे युनिकोडवर आलो ते उत्तमच झालं. फक्त पानं जड झाली, आणि तेवढा जडपणा काढायचा उपाय सर्व्हरमध्ये आधीपासून असतो, कित्येक साइटवर तो नीट चालू नसतो एवढंच.

उपाय म्हणजे फाइल कॉम्प्रेशन, जीझिप आणि ब्रॉटली या त्याच्याच दोन पद्धती. सर्व्हर पान पाठवताना आवळून पाठवतो, वाचणाऱ्याचा ब्राउझर ते उलगडून दाखवतो, वाचणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. मजकुरातला एक शब्द बदलत नाही, डिझाइन बदलत नाही, एसइओला धक्का लागत नाही.

आता हे मराठीला इतकं का मानवतं ते सांगते, कारण हे समजलं की कंटाळा न करता तुम्ही पुढची सेटिंग करालच. "मराठी" या शब्दाचे १५ बाइट आकड्यांत लिहिले तर असे दिसतात: २२४ १६४ १७४, २२४ १६४ १७६, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १६०, २२४ १६५ १२८. दिसतंय ना, दर वेळी २२४ आणि मग १६४ किंवा १६५, फक्त तिसरा आकडा खरा बदलतो. अख्ख्या देवनागरीचं हेच आहे. म्हणजे मराठी मजकुरात जवळजवळ दोन तृतीयांश बाइट तेच ते परत परत येतात, त्यात "आहे", "आणि", "करण्यात आले", "त्यामुळे" हे शब्द पानभर, वर मेन्यू, बटणं, बातमीच्या चौकटी यांचा एचटीएमएल कोड एकाखाली एक तोच. जीझिप काय करतं, मागच्या ३२ केबीत हाच तुकडा आधी येऊन गेलाय का बघतं आणि गेला असेल तर तुकडा परत न लिहिता "इतकं मागे जा, इतके बाइट उचल" एवढीच खूण ठेवतं, आरतीच्या पुस्तकात धृपद एकदाच पूर्ण छापून पुढच्या कडव्यांखाली नुसतं ॥धृ॥ टाकतात तसं. मग जे बाइट सारखे येतात त्यांना छोटी खूण आणि क्वचित येणाऱ्यांना मोठी. त्यामुळे इंग्रजीच्या तुलनेत आपल्या भाषेचं जे जास्तीचं वजन आहे त्यातलं बरंचसं इथेच उतरतं. बऱ्यापैकी लांब लेख असेल तर पानाचं वजन बऱ्याचदा तीन चतुर्थांशाहून जास्त कमी होतं.

हे नुसतं डेटा वाचवण्यापुरतं नाही, वेळेचा प्रश्न जास्त मोठा आहे. कनेक्शन नवीन असतं तेव्हा सर्व्हर एकदम सगळं पान सोडत नाही, पहिल्या फेरीत साधारण १० पॅकेट म्हणजे १४ केबीच्या आसपास जातात, ती पोचल्याचं उत्तर आलं की दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. १२० केबीचं पान असेल तर चार फेऱ्या लागतात, तेच आवळून ३० केबी झालं तर दोन फेऱ्यांत काम होतं. पुण्यात फायबरवर बसलेल्याला हा फरक जाणवणार नाही, पण एसटीत बसून घाटातून जाणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर एकेक फेरी अर्धा-अर्धा सेकंद खाते, आणि मराठी वाचणारे आपले कितीतरी लोक असेच प्रवासात, गावात, एका काडीच्या रेंजवर वाचतात. त्यांच्यासाठी हे करायचं.

आधी बघा की चालू आहे का नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साइट उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, मग कंट्रोल-शिफ्ट-आर मारून पान परत लोड करा. यादीत सगळ्यात वरची ओळ म्हणजे तुमचं पान, तिच्यावर क्लिक केलं की हेडर्स दिसतात, त्यात रिस्पॉन्स हेडर्समध्ये "कंटेंट-एन्कोडिंग" ही ओळ शोधा. समोर जीझिप, बीआर (म्हणजे ब्रॉटली) किंवा झेडएसटीडी (अशीच आणखी एक पद्धत) यातलं काही असेल तर ते पान आवळूनच येतंय. ओळच नसेल तर नाही. पण इथे थांबू नका, खाली सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या ज्या ओळी आहेत त्याही एकेक उघडून बघा, कारण नेमकी गडबड तिथेच असते, एचटीएमएल आवळलेलं असतं आणि थीमची मोठाली सीएसएस फाइल उघडीबोडकी येत असते. एकेक उघडायचा कंटाळा असेल तर यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून कंटेंट-एन्कोडिंगचा कॉलम जोडता येतो, मग एका नजरेत कळतं.

ब्लॉगस्पॉटवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर ब्लॉग असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाहीये, ते लोक स्वतःच आवळून पाठवतात. तुम्ही फक्त फोटो छोटे करून टाका. बाकीच्यांनी पुढे वाचा, आणि एक लक्षात ठेवा की सगळी नावं मी देवनागरीत लिहितेय, सर्व्हरवर टाकताना मात्र रोमन स्पेलिंगच टाकायचं.

शेअर्ड होस्टिंग असेल, म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे भरून घेतलेलं, तर साइट सांभाळायला बहुतेक सीपॅनल नावाचं पॅनल मिळालेलं असतं. त्यात सॉफ्टवेअर या भागात "ऑप्टिमाइझ वेबसाइट" नावाचं आयकॉन असतं, उघडलं की तीन पर्याय दिसतात, बंद, सगळा कंटेंट कॉम्प्रेस करा, आणि फक्त सांगितलेले प्रकार कॉम्प्रेस करा. तिसरा निवडा. दुसऱ्यात फोटो-बिटोही आवळायला जातो आणि सर्व्हरचा वेळ फुकट जातो. तिसऱ्यात खाली जे प्रकार लिहायचे ते हे: टेक्स्ट/एचटीएमएल, टेक्स्ट/प्लेन, टेक्स्ट/सीएसएस, टेक्स्ट/जावास्क्रिप्ट, ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट, ॲप्लिकेशन/जेसन, ॲप्लिकेशन/एक्सएमएल, ॲप्लिकेशन/आरएसएस प्लस एक्सएमएल, इमेज/एसव्हीजी प्लस एक्सएमएल. जावास्क्रिप्ट दोनदा का, तर २०२२ पासून अधिकृत नाव टेक्स्ट/जावास्क्रिप्ट आहे पण कितीतरी सर्व्हर अजून जुनंच ॲप्लिकेशनवालं नाव पाठवतात, म्हणून दोन्ही लिहून मोकळं व्हायचं.

ते आयकॉन दिसत नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये जाऊन पब्लिक एचटीएमएल फोल्डरमधली डॉट एचटीॲक्सेस फाइल उघडा (हिडन फाइल्स दाखवा हा टिक आधी लावावा लागतो, नाहीतर फाइल दिसतच नाही आणि माणूस शोधत बसतो). बदल करायच्या आधी तिची एक कॉपी तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, कारण या फाइलीत एक कंस जरी चुकला तरी अख्खी साइट ५०० एरर दाखवते. मग फाइलीच्या शेवटी, वर्डप्रेसच्या बिगिन-एंड ओळींच्या बाहेर, "इफ मॉड्यूल मॉड डिफ्लेट डॉट सी" असा ब्लॉक उघडायचा, आत "ॲड आउटपुट फिल्टर बाय टाइप" ही सूचना सलग एका शब्दात, पुढे "डिफ्लेट" आणि त्यापुढे वरचे सगळे प्रकार मध्ये एकेक स्पेस देऊन, आणि ब्लॉक बंद. वर्डप्रेसच्या त्या बिगिन-एंडच्या आत टाकलंत तर पर्मालिंक सेव्ह केल्या की वर्डप्रेस तो भाग नव्यानं लिहितं आणि तुमची ओळ गायब.

प्लगइनबद्दल माझं मत सांगते. डब्ल्यूथ्री टोटल कॅशे, डब्ल्यूपी सुपर कॅशे यांत कॉम्प्रेशनचा टिक असतो आणि तो चालतोही. पण सर्व्हरकडून होणारं काम सर्व्हरकडूनच करून घ्यावं, पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) मार्फत नको, कारण प्लगइन पीएचपीतून आवळतो तेव्हा फक्त पानाचं एचटीएमएल आवळलं जातं, सीएसएस-जावास्क्रिप्ट पीएचपीतून जातच नाहीत. कॅशेसाठी प्लगइन जरूर ठेवा, कॉम्प्रेशन खाली सर्व्हरवर लावा.

स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्यानं घेतलेला वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर असेल आणि त्यावर उबुंटू किंवा डेबियनवर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर हा परिच्छेद नीट वाचा, कारण भलेभले इथे फसतात. एनजिनएक्सची मुख्य कॉन्फिग फाइल उघडली की त्यात "जीझिप ऑन" लिहिलेलं आधीच दिसतं, माणूस म्हणतो चला चालू आहे, फाइल बंद. पण त्याच्याच खाली जीझिप व्हेरी, जीझिप प्रॉक्सीड, जीझिप कॉम्प लेव्हल, जीझिप टाइप्स अशा ओळी असतात ज्यांच्या सुरुवातीला हॅश आहे, म्हणजे त्या बंद आहेत, आणि जीझिप टाइप्स बंद असलं की एनजिनएक्स फक्त टेक्स्ट/एचटीएमएल आवळतं, बाकी काही नाही. सीएसएस नाही, जावास्क्रिप्ट नाही, बातम्या जेसनमधून येत असतील तर त्याही नाहीत. तर करायचं ते असं. त्या ओळींसमोरचे हॅश काढा. टाइप्समध्ये वरची यादी टाका, फक्त टेक्स्ट/एचटीएमएल तिथे लिहू नका, ते आपोआप धरलेलं असतं आणि परत लिहिलं की डुप्लिकेटची वॉर्निंग येते. कॉम्प लेव्हल मुळात १ असतो, तो ५ किंवा ६ करा. व्हेरी ऑन करा म्हणजे मधल्या कॅशेला कळतं की आवळलेली आणि न आवळलेली प्रत वेगवेगळी ठेवायची. मिन लेंग्थ मुळात २० बाइट असते, ती १००० करा, कारण एका पॅकेटात तशीही मावणारी चिमुकली फाइल आवळून काही हाती लागत नाही. आणि प्रॉक्सीड "एनी" करा: रिक्वेस्ट जर मधल्या एखाद्या प्रॉक्सीतून "व्हाया" हेडर घेऊन आली तर एनजिनएक्स मुळात तिला कॉम्प्रेशन देतच नाही, आणि तुम्ही घरून तपासता तेव्हा सगळं बरोबर दिसतं पण काही वाचकांना जड पान जात राहतं.

सेव्ह केल्यावर "एनजिनएक्स वजा टी" चालवून कॉन्फिग तपासा, ओके आलं तरच रिलोड करा. रिस्टार्टची गरज नाही, रिलोडनं चालू असलेली कनेक्शनं तुटत नाहीत.

एनजिनएक्सऐवजी अपाचे हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर असलेल्यांचं सोपं आहे, मॉड डिफ्लेट आणि मॉड फिल्टर ही दोन मॉड्यूलं "एटूएनमॉड" कमांडनं चालू करायची, उबुंटूवर डिफ्लेट बहुतेक चालूच असतं, त्याच्या कॉन्फिगमध्ये जेसन आणि एसव्हीजी नसतील तर तेवढे जोडा.

लेव्हलबद्दल थोडं. जीझिपला १ ते ९ लेव्हल असतात आणि लोकांना ९ लावायचा मोह होतो. लावू नका. ६ ते ९ मध्ये फाइल जेमतेम एखाद-दोन टक्के कमी होते आणि प्रोसेसरला घाम फुटतो, आणि दर रिक्वेस्टला तो घाम फुटतो. निकालाच्या दिवशी किंवा मतमोजणीला एकदम गर्दी आली की छोटा व्हीपीएस त्यातच गुदमरेल.

ब्रॉटली म्हणजे जीझिपच्या पुढची पायरी, गूगलच्या लोकांनी केलेली, २०१६ साली तिचं स्टँडर्ड आलं. जीझिपपेक्षा फाइल अजून लहान होते, आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्या पोटात आधीपासून एक शब्दसंग्रह भरलेला आहे, इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी यांच्या जोडीला हिंदीचे शब्दही त्यात आहेत. नेहमीच्या वापरातले सगळे ब्राउझर ती ओळखतात, अट एकच, साइट एचटीटीपीएसवर पाहिजे, साध्या एचटीटीपीवर ब्राउझर ब्रॉटली मागतच नाही. अपाचेत २.४.२६ पासून मॉड ब्रॉटली आहे, ते चालू करून डिफ्लेटसारखीच ओळ लिहायची. एनजिनएक्समध्ये ती आत नसते, वेगळं मॉड्यूल टाकावं लागतं, ते जमत नसेल तर जीव काढू नका, नीट लावलेलं जीझिप असलं तरी मोठा पल्ला पार झालेला असतो. क्लाउडफ्लेअर (सर्व्हर आणि वाचक यांच्या मधली सेवा) साइटच्या पुढे लावलेलं असेल तर वाचकापर्यंतचं कॉम्प्रेशन ते स्वतः करतं. ब्रॉटलीची लेव्हल ० ते ११ आहे, चालता चालता आवळायचं असेल तर ४ किंवा ५ ठेवा. ११ फार हळू आहे.

मग ११ कशासाठी? न बदलणाऱ्या फाइलींसाठी. थीमची सीएसएस काही रोज बदलत नाही, ती एकदाच सावकाश ११ वर आवळून सर्व्हरवर मूळ फाइलीशेजारी ठेवून द्यायची, जीझिपचीही ९ वर एक प्रत करून ठेवायची, आणि एनजिनएक्समध्ये "जीझिप स्टॅटिक ऑन" लिहायचं, की ते तयार प्रत उचलून देतं आणि दर वेळी मेहनत करत नाही (ब्रॉटलीच्या मॉड्यूलमध्ये पण असंच स्टॅटिकचं सेटिंग आहे). फक्त सीएसएस बदललीत की आवळलेल्या प्रतीही नव्यानं करायच्या, नाहीतर तुम्ही बदल करत राहता आणि वाचकाला जुनंच दिसतं.

काय आवळायचं नाही तेही सांगते: जेपीजी, पीएनजी, वेबपी, एमपी३, एमपी४, झिप, पीडीएफ. हे सगळे आधीच आतून आवळलेले असतात, परत आवळून जवळपास काही मिळत नाही, उलट कधीकधी फाइल चार बाइटनं वाढते. दिवाळी अंकाची पीडीएफ जड झालीय तर ती बनवतानाच आतले फोटो कमी रिझोल्यूशनचे करा, जीझिप तिथे उपयोगाचं नाही.

फॉन्टांचं मात्र नीट समजून घ्या, कारण देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा मोठे असतात आणि आपल्या साइटवर मजकुराइतकंच त्यांचंही ओझं असतं. वॉफ२ प्रकारची फाइल आतून ब्रॉटलीनंच आवळलेली असते, तिला हात लावू नका. पण मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी उतरवून तिची टीटीएफ फाइल तशीच सर्व्हरवर ठेवली असेल तर ती अजिबात आवळलेली नाहीये. तिचं आधी वॉफ२ करून घ्या, हाच खरा उपाय. ते होईपर्यंत टाइप्सच्या यादीत फॉन्ट/टीटीएफ आणि फॉन्ट/ओटीएफ जोडा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

सगळं लावल्यावर पान पांढरं आलं किंवा क्रोमनं "कंटेंट डिकोडिंग फेल्ड" असं म्हटलं तर घाबरू नका, जवळपास नेहमी कारण एकच असतं, दोन ठिकाणी कॉम्प्रेशन चालू झालंय. पीएचपीच्या सेटिंगमध्ये "झेडलिब डॉट आउटपुट कॉम्प्रेशन" चालू आहे का बघा, ते बंद करा, प्लगइनमधला टिक काढा, सर्व्हरवरचं तेवढं राहू द्या, मग कॅशे रिकामी करून परत बघा. आणि एखादी फाइल काही केल्या आवळली जात नसेल तर तिचा "कंटेंट-टाइप" हेडर बघा, सर्व्हर ती जेसन फाइल ऑक्टेट-स्ट्रीम म्हणून पाठवत असेल तर तुमच्या यादीशी ती जुळणारच कशी. हा कंटेंट-टाइप, म्हणजेच माइम टाइप, दुरुस्त केला की काम होतं.

लॉगिन, पैसे भरणं असल्या गोष्टी साइटवर असतील तर एक काळजी घ्या. २०१३ साली ब्रीच नावाचा हल्ला दाखवला गेला, त्यात एकाच आवळलेल्या पानात वाचकानं टाइप केलेला मजकूर आणि गुप्त टोकन (साइटनं दिलेला गुप्त कोड) दोन्ही असतील तर पानाचा साइज किती कमी-जास्त होतो यावरून हल्लेखोर टोकन ओळखत जातो, एचटीटीपीएस असून सुद्धा. बातम्या, लेख, कविता यांना यातून काही धोका नाही. फॉर्मवाली, खात्याची पानं तेवढी कॉम्प्रेशनमधून वगळा किंवा टोकन दर वेळी बदलतं आहे याची डेव्हलपरकडून खात्री करून घ्या.

होस्टिंगवाले म्हणाले की आमच्याकडे हे चालू होत नाही, तर तिकीट टाकताना नुसतं "साइट स्लो आहे" असं लिहू नका, त्याला ठरलेलं उत्तर येतं की महागडा प्लॅन घ्या. नेमकं लिहा: अमुक सीएसएस फाइलीला कंटेंट-एन्कोडिंग हेडर येत नाही, मॉड डिफ्लेट चालू करून द्या, आणि सोबत नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट जोडा. असं लिहिलं की तिकीट बरोबर माणसाकडे जातं.

शेवटची तपासणी परत तीच, एफ१२, नेटवर्क, साइजच्या कॉलममध्ये पानावर माउस नेला की दोन आकडे दिसतात, आलेलं वजन आणि उलगडल्यावरचं वजन. टर्मिनल वापरता येत असेल तर कर्ल या कमांडनं एकदा ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर देऊन आणि एकदा न देता तेच पान फाइलीत उतरवा आणि दोन्ही फाइलींचा साइज शेजारी ठेवून बघा. हे पहिल्या पानापुरतं करू नका, लेखाचं एखादं लांब पान, विभागाची यादी, आरएसएस फीड आणि साइटमॅप यांवरही करा, फीड आणि साइटमॅप नेहमी राहून जातात आणि तिथे मराठी शीर्षकांचे पत्ते टक्का-चिन्हांनी लिहिलेले असतात ज्यात एका चिन्हाचे ३ बाइट नव्हे तर ९ होतात. सर्व्हर बदललात, पॅनल अपडेट झालं किंवा होस्टिंग दुसरीकडे नेलंत की कॉन्फिग पहिल्यासारखी राहीलच असं नाही, तेव्हा त्याच दिवशी हेडर परत बघा.